मंद प्रकाशातील नेमसाधने

संधिप्रकाशात, चांदण्यात किंवा पूर्ण अंधारात बंदुकीचा नेम धरता यावा यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांना मंद प्रकाशातील नेमसाधने म्हणतात. नळीच्या टोकावरील माशीला लावलेल्या चमकत्या ठिपक्यापासून शरीराची उष्णता टिपणाऱ्या औष्णिक दुर्बिणीपर्यंत अनेक प्रकारची साधने या नावाखाली येतात. सैन्यदले, पोलीस, वनखाते, नेमबाज आणि पीकसंरक्षणासाठी परवाना घेतलेले शेतकरी हे त्यांचे मुख्य वापरकर्ते होत.

अंधारात नेम धरणाऱ्यापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. एक म्हणजे बंदूक नेमकी कोठे रोखली आहे हे दिसणे आणि दुसरा म्हणजे समोर जे आहे ते काय आहे हे कळणे. पहिला प्रश्न सोडवणारी साधने स्वस्त व पुष्कळ आहेत. दुसरा सोडवणारी महाग आहेत आणि तीही तो अर्धवटच सोडवतात. साधनांच्या जाहिरातींत हे दोन्ही प्रश्न बहुधा एकच मानले जातात. पुढील विवेचनात ते शक्य तेथे वेगळे ठेवले आहेत.

डोळा आणि अंधार

मानवी दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. शंकुपेशी उजेडात काम करतात. रंग आणि बारीक तपशील त्यांच्यामुळे दिसतात. दंडपेशी अंधारात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत व तपशीलही फारसा कळत नाही. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, जेथे आपण रोखून पाहतो त्या वस्तूची प्रतिमा पडते, तेथे दंडपेशी नसतात. त्यामुळे काळोखात एखाद्या वस्तूकडे थेट पाहिल्यास ती नाहीशी होते आणि नजर किंचित बाजूला वळवल्यास पुन्हा दिसू लागते. नेम धरताना नेमके रोखूनच पाहावे लागते, ही यातील मूळ अडचण आहे.

उजेडातून अंधारात आल्यावर दंडपेशींना पूर्ण सरावण्यास वीस ते तीस मिनिटे किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. विजेरीच्या एका झोताने हा सराव क्षणात मोडतो. लांब तरंगलांबीच्या गडद तांबड्या प्रकाशास दंडपेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून नकाशा वाचण्यासाठी किंवा साधनांवरील खुणांसाठी तांबडा प्रकाश वापरतात.

अंधारात डोळ्याची बाहुली विस्फारते. तरुणपणी ती सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीच्या आसपास अनेकांमध्ये ती ५ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी उघडते. दुर्बीण निवडताना या फरकाला फार महत्त्व आहे.

माशी, खाच आणि चमकते ठिपके

साध्या बंदुकीवर नळीच्या टोकाशी माशी आणि मागे खाच असते. शिस्त धरणाऱ्याला खाच, माशी आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरील गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. दिवसा बाहुली लहान झालेली असल्यामुळे तिन्ही गोष्टी कामापुरत्या स्पष्ट दिसतात. संध्याकाळी बाहुली उघडली की खाच धूसर होते आणि काळी माशी काळ्या पार्श्वभूमीत हरवते. चाळिशीनंतर जवळची दृष्टी कमी झालेल्यांना हा त्रास आधी जाणवतो.

माशीवर पांढरा ठिपका काढणे हा यावरील जुना उपाय आहे. चांदण्यात तो चालतो, काळोखात चालत नाही. प्रकाशतंतूची माशी हा त्याच तत्त्वाचा आधुनिक प्रकार आहे. रंगीत प्लास्टिकच्या तंतूच्या कडेवर पडलेला प्रकाश त्याच्या टोकाशी एकवटतो व टोक चमकते. सूर्यास्तानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हा ठिपका फार उपयोगी असतो. त्यानंतर गोळा करण्यास प्रकाशच उरत नाही.

स्वतःच्या प्रकाशाने चमकणाऱ्या ठिपक्यांसाठी पूर्वी रेडियमयुक्त रंग वापरीत. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे असल्याने ते धोकादायक ठरते. त्यातील प्रस्फुरक द्रव्य मात्र काही वर्षांतच निकामी होऊन ठिपका विझतो आणि किरणोत्सार मागे राहतो. आता त्या जागी ट्रिटियम वायू वापरतात. काचेच्या बारीक बंद नळीत हा वायू भरलेला असतो. त्यातून निघणारे मंद गतीचे इलेक्ट्रॉन नळीच्या आतील प्रस्फुरक थरावर आदळतात आणि थर हिरवा चमकतो. हे इलेक्ट्रॉन काचेतून बाहेर पडत नाहीत. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे, म्हणजे बारा वर्षांनी चमक निम्मी आणि पंचवीस वर्षांनी पाव होते. जुनी वस्तू घेताना नळीवरील उत्पादनाचे वर्ष पाहणे त्यामुळे आवश्यक असते.

खाचेऐवजी बारीक छिद्र असलेल्या नेमसाधनात उलटी अडचण येते. क्रीडानेमबाजीच्या रायफलींवर मागे असे छिद्र आणि पुढे कडे असते. म्युनिक येथे २०१० मध्ये विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांच्या खेळात हीच रचना असते. छिद्र जितके लहान तितकी प्रतिमा स्पष्ट, पण तितकीच काळोखी. म्हणून संधिप्रकाशासाठी असलेल्या रायफलीवर मागचे छिद्र मोठे व कडा पातळ ठेवतात.

या सर्व ठिपक्यांची मर्यादा एकच आहे. ते बंदूक कोठे रोखली आहे हे दाखवतात. समोरच्या अंधाराबद्दल काहीही सांगत नाहीत.

दुर्बीण

दुर्बीण प्रकाश वाढवते ही समजूत सर्वत्र आढळते. साध्या भिंगांच्या दुर्बिणीतून दिसणारा पृष्ठभाग नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याहून उजळ कधीच दिसत नाही. फार तर तितकाच उजळ दिसतो. फायदा होतो तो वस्तू मोठी दिसल्यामुळे. अंधारात खडबडीत पाहणाऱ्या दंडपेशींना मोठी आकृती ओळखता येते, लहान येत नाही.

दुर्बिणीवरील ८×५६ यासारख्या आकड्यांत पहिला आकडा वर्धनाचा आणि दुसरा वस्तुभिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा असतो. दुसऱ्यास पहिल्याने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×५६ मध्ये ती ७ मिलिमीटर आहे. भारतीय बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या ३–९×४० या प्रकारात वर्धन ९ वर ठेवल्यास झोत ४.४ मिलिमीटरचा होतो आणि ६ वर ठेवल्यास ६.७ मिलिमीटरचा. अंधार पडू लागला की वर्धन कमी करावे, हा अनुभवी वापरकर्त्यांचा सल्ला या भागाकारातूनच आलेला आहे.

झोताची जाडी बाहुलीपेक्षा अधिक असेल तर जादा प्रकाश बाहुलीबाहेर पडून वाया जातो. पंचविशीतील व्यक्तीला ८×५६ चा पूर्ण लाभ मिळतो. ज्याची बाहुली ५ मिलिमीटरच उघडते अशा साठीच्या व्यक्तीपर्यंत त्यातील जेमतेम निम्मा प्रकाश पोहोचतो. त्याला ८×४० ची हलकी व स्वस्त दुर्बीण तितकीच उजळ दिसेल. मोठ्या वस्तुभिंगाच्या दुर्बिणी पुष्कळदा उतारवयात, हाती पैसा आल्यावर घेतल्या जातात, हा यातील विनोद आहे.

भिंगावरील लेपाचे महत्त्व व्यासाइतकेच आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडून जाणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६६ टक्केच डोळ्यापर्यंत पोहोचतो. जर्मनीतील झाइस कंपनीत ओलेक्सांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधक लेपाची पद्धत शोधली. चांगल्या बहुस्तरीय लेपामुळे प्रत्येक पृष्ठभागावरील नुकसान अर्ध्या टक्क्यापर्यंत आणता येते आणि त्याच दहा पृष्ठभागांतून ९५ टक्के प्रकाश पार होतो. लेप केवळ बाहेरच्या दोन काचांवर आहे की सर्व पृष्ठभागांवर आहे, याची चौकशी म्हणूनच करावी लागते.

रेटिकल, म्हणजे दुर्बिणीत दिसणारी फुली, दिवसा बारीक असलेली बरी आणि संध्याकाळी जाड असलेली बरी. बाहेरून जाड व मध्ये बारीक अशा रेषांची फुली ही यातील तडजोड आहे. प्रकाशित फुलीत मध्यबिंदू विद्युतघटावर चमकतो. तिची सर्वांत मंद पातळी किती मंद आहे हे पाहावे, कारण अंधारात झगझगणारा बिंदू बाहुली आकुंचित करतो आणि त्यामागचे लक्ष्य दिसेनासे होते.

मोठ्या वस्तुभिंगाच्या या दुर्बिणी मध्य युरोपातील शिकारपद्धतीतून आल्या आहेत. तेथे उंच मचाणावर बसून दीर्घ संधिप्रकाशात वाट पाहण्याची रीत आहे. बर्लिनच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्यास्तानंतरचा उपयुक्त उजेड सुमारे पाऊण तास टिकतो. सांगली जिल्ह्यातील पलूस १७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. येथे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो आणि तोच उजेड बावीस ते चोवीस मिनिटांत संपतो. या दुर्बिणीमुळे युरोपात जेवढा जादा वेळ मिळतो, त्याच्या निम्माच आपल्याकडे मिळतो. किमतीचा विचार करताना ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

लाल ठिपका

लाल ठिपक्याच्या साधनात वर्धन नसते. काचेवर परावर्तित झालेला प्रकाशबिंदू लक्ष्याच्या अंतरावरच असल्यासारखा दिसतो, त्यामुळे डोळ्याला एकाच अंतरावर स्थिरावे लागते. परावर्तक नेमसाधनाची कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली; विद्युतघटावर चालणारे पहिले व्यावहारिक साधन स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणले. माशी धूसर दिसू लागलेल्यांना हे साधन फार मानवते. मात्र ते लक्ष्य अधिक स्पष्ट करीत नाही. अंधारात त्याला विजेरीची जोड लागतेच.

विजेरी

प्रत्यक्षात सर्वाधिक वापरले जाणारे साधन विजेरी हेच आहे. जिम कॉर्बेट यांनी मे १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या टिपला तो रायफलीला बांधलेल्या विजेरीच्या क्षणभरच्या उजेडात. तेव्हापासून दिव्यांचे तंत्र पुष्कळ बदलले, पण रीत तीच राहिली.

विजेरीच्या वेष्टनावर बहुधा ल्युमेनचा आकडा मोठा छापलेला असतो. तो एकूण प्रकाश सांगतो. झोत किती दूर जाईल हे कँडेलाच्या आकड्यावरून कळते. धुके, धूळ किंवा ठासणीच्या बंदुकीच्या काळ्या दारूचा धूर असेल तर तीव्र झोत तेथूनच परत फिरतो आणि पाहणाऱ्यासमोर पांढरी भिंत उभी राहते.

झोतात जनावराचे डोळे चमकतात त्यावरून ते ओळखण्याची सवय रानात फिरणाऱ्यांना असते. ही चमक दृष्टिपटलामागील परावर्तक थरामुळे येते. बिबट्या, हरिण, कुत्रा आणि गाय-बैल यांच्या डोळ्यांत हा थर असतो. डुकराच्या डोळ्यांत तो नसतो आणि माणसाच्याही नसतो. उसाच्या बांधावर हललेल्या काळ्या आकृतीचे डोळे चमकले नाहीत म्हणून ते रानडुक्करच, असा निष्कर्ष काढणारा माणूस या एका गोष्टीमुळे फार मोठी चूक करू शकतो.

प्रतिमावर्धक

अंधारात दिसावे यासाठी बंदुकीवर बसवलेली पहिली विद्युत साधने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आली. जर्मनीचे व्हॅम्पीर आणि १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत वापरलेले अमेरिकी कार्बाइनवरील साधन ही त्यांची उदाहरणे होत. दोन्हींत अवरक्त दिव्याचा झोत लक्ष्यावर टाकावा लागे आणि बॅटरीचे ओझे सैनिकाला वाहावे लागे. शत्रूकडे तसेच साधन असल्यास हा दिवा दुरूनही दिसत असे.

व्हिएतनाम युद्धात आलेल्या पुढच्या पिढीला असा दिवा लागत नाही. प्रतिमावर्धक नळीत तारकांचा मंद प्रकाश प्रथम एका संवेदी थरावर पडतो व त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. लाखो सूक्ष्म छिद्रे असलेल्या तबकडीतून जाताना या इलेक्ट्रॉनांची संख्या कित्येक पटींनी वाढते आणि ते प्रस्फुरक पडद्यावर आदळून प्रतिमा उमटवतात. पडदा पूर्वापार हिरवा असतो, कारण हिरव्या रंगाच्या छटा डोळ्याला अधिक चांगल्या ओळखता येतात. अलीकडे पांढरे पडदेही आले आहेत. पौर्णिमेच्या चांदण्याची तीव्रता सुमारे ०.२ लक्स असते, तर चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री ती ०.००१ लक्सच्या आसपास असते. चांगली नळी या दुसऱ्या स्थितीतही काम करते. बंद खोलीत किंवा दाट ढगांच्या रात्री झाडोऱ्याखाली मात्र वाढवण्यास काहीच नसते, आणि मग पुन्हा अवरक्त दिव्याचा आधार घ्यावा लागतो. झाकण न लावता ती भर उन्हात उघडल्यास नळी खराब होते.

या तंत्राचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक उपक्रमाने नेदरलँड्समधील डेल्फ्ट उद्योगाच्या सहकार्याने १९९० मध्ये पुण्यात प्रतिमावर्धक नळ्या बनवणारी कंपनी स्थापन केली. पुढे ती बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतीय सैन्याच्या रात्रदर्शी साधनांसाठी लागणाऱ्या नळ्या तेथे बनतात. साधनांचे संशोधन डेहराडून येथील संरक्षण संशोधन संस्थेत होते. सैनिकी परंपरेच्या सातारा-सांगली भागातील जवान सीमेवर ज्या साधनांतून पाहतात, त्यांतील काहींच्या नळ्या अशा प्रकारे पुण्यातून गेलेल्या असतात.

औष्णिक साधने

औष्णिक साधन प्रकाश वापरत नाही. प्रत्येक वस्तूतून तिच्या तापमानानुसार अवरक्त प्रारण बाहेर पडते. त्यातील ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचा भाग टिपून हे साधन तापमानातील फरकाचे चित्र तयार करते. साधी काच या प्रारणाला अपारदर्शक असते, म्हणून भिंगे जर्मेनियमची करावी लागतात व किंमत वाढते. त्याच कारणाने गाडीच्या बंद काचेतून औष्णिक साधनाने बाहेरचे दिसत नाही.

पूर्ण काळोखात, उघड्या माळावर उभे असलेले जनावर शोधण्यास याच्याइतके प्रभावी साधन दुसरे नाही. पण उसाच्या पानांआडचे त्याला दिसत नाही. पानांच्या फटीतून जेवढी उष्णता थेट येईल तेवढेच तुकडे दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत तापलेले दगड आणि बांध रात्री उशिरापर्यंत उष्ण राहतात. ज्या वेळी जमिनीचे तापमान जनावराच्या अंगाइतके होते त्या वेळी दोघांतील भेद जवळजवळ पुसला जातो. पाऊस व दाट धुके यांमुळेही चित्र फिके पडते.

शोध आणि ओळख

अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये एक उपयुक्त निकष मांडला. प्रतिमेत काहीतरी आहे एवढे कळणे, ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळणे आणि ते नेमके काय आहे हे कळणे, अशा तीन पायऱ्या त्यांनी केल्या. आजच्या अंकीय साधनांच्या भाषेत सांगायचे तर लक्ष्याच्या लहान मापावर पहिल्या पायरीसाठी सुमारे २, दुसरीसाठी ८ आणि तिसरीसाठी १३ चित्रबिंदू लागतात. एवढे बिंदू असतानाही अंदाज बरोबर येण्याची शक्यता निम्मीच असते.

समजा, साधनाचा चित्रबिंदू १२ मायक्रोमीटरचा आणि भिंगाचे नाभीय अंतर ३५ मिलिमीटर आहे. २०० मीटरवर एक चित्रबिंदू जवळजवळ ७ सेंटिमीटर जागा व्यापतो. ७० सेंटिमीटर उंचीचे रानडुक्कर मग दहा बिंदूंचे दिसते. जनावर आहे असे वाटण्यास ते पुरेसे आहे. डुक्कर आहे हे ठरवण्यास पुरेसे नाही. शंभर मीटरवर वीस बिंदू मिळतात आणि ओळख बरीच विश्वसनीय होते. त्याच साधनाच्या माहितीपत्रकावर दीड-दोन किलोमीटरचा पल्ला छापलेला असू शकतो. तो पहिल्या पायरीचा, म्हणजे नुसता ठिपका दिसण्याचा पल्ला असतो.

हे गणित पलूस तालुक्यासारख्या भागात कागदावरचे राहत नाही. कृष्णाकाठच्या या तालुक्यात ऊस आणि द्राक्षे ही प्रमुख पिके आहेत. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या दिवसांत दारे धरणारा शेतकरी सरीत वाकून किंवा बांधावर उकिडवा बसून पाणी फिरवीत असतो. उकिडव्या बसलेल्या माणसाची उंची आणि रुंदी रानडुकराच्या आकाराहून फार निराळी नसते. घोंगडे किंवा जाड कांबळे पांघरलेले असेल तर अंगाची उष्णता बाहेर कमी येते व चेहरा तेवढा उजळ दिसतो. ऊसतोडीच्या हंगामात तर टोळ्यांची खोपटी फडाच्या कडेलाच असतात.

जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील मनोर परिसरात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांच्या गटात सोबत्यालाच डुक्कर समजून गोळी घातली गेली आणि त्याचा मृत्यू झाला. कोकणातही अशा घटना पूर्वी घडल्या आहेत. अशा प्रसंगी माशी दिसत असते आणि नेमही लागतो. चूक असते ती ओळखीची.

कायद्याची चौकट

भारतात बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा उल्लेख आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास तो दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीस परवाना देऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती.

पीकसंरक्षणाचा परवाना मिळाला म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा मिळाली असे होत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्यासही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्याबाबतचा निर्णय फक्त मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पातळीवर होतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होते. अंधार होता हा त्यावर बचाव ठरत नाही.

वनखात्याचा वापर

कुंडल येथे पलूस तालुक्यातच वनाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी राज्य शासनाची प्रबोधिनी आहे. वनखात्यापुढे मंद प्रकाशाचा प्रश्न बहुधा मारण्यासाठी येत नाही. तो बिबट्याला भूल देऊन पकडण्याच्या वेळी येतो. मार्च २०२१ च्या अखेरीस सांगली शहरातील राजवाडा परिसरात शिरलेला बिबट्या अशाच प्रकारे भूल देऊन पकडण्यात आला.

भुलीची सुई फेकणारी बंदूक वायूच्या दाबावर चालते. सुईचा वेग कमी असल्याने ती थोड्या अंतरातच खाली झुकते. कामाचा पल्ला काही दशक मीटरच असतो. सुई मांडी किंवा खांद्याच्या स्नायूंतच बसली पाहिजे. येथे मोठ्या वर्धनाची दुर्बीण अडचणीची ठरते आणि वर्धन नसलेला लाल ठिपका सोयीचा पडतो. अंतर मोजण्याचे साधन त्याहूनही उपयोगी, कारण दहा मीटरचा चुकीचा अंदाज सुई पोटात घालतो. औष्णिक साधनाचा योग्य उपयोग नेमापेक्षा शोधासाठी आहे: जनावर कोणत्या कोपऱ्यात आहे, भूल चढल्यावर ते कोठे जाऊन पडले, हे त्यावरून कळते.

रात्रीच्या कारवाईचा सर्वांत वादग्रस्त प्रसंग यवतमाळ जिल्ह्यातील आहे. तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली टी-१ किंवा अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री राळेगाव तालुक्यात गोळी घालून मारण्यात आली. तिला प्रथम बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करावा, असा आदेश होता. तो प्रयत्न खरोखर झाला का, आणि वाघीण अंगावर येत होती का, यावर पुढे दीर्घ वाद झाला. शोधमोहिमेत कॅमेरा-सापळे, ड्रोन, हत्ती व श्वानपथक सर्व काही होते. अखेरचे काही सेकंद मात्र अंधारात, वाहनातील मोजक्या माणसांच्या दृष्टीवर अवलंबून राहिले आणि त्या सेकंदांबद्दलच एकमत होऊ शकले नाही.

निवड करताना

साधनाची निवड बंदुकीपासून सुरू होते. गुळगुळीत नळीच्या बारा बोअरचे छर्रे तीस-चाळीस मीटरच्या पुढे भरवशाचे राहत नाहीत. अशा बंदुकीवर लाखभर रुपयांची औष्णिक दुर्बीण बसवून पल्ला वाढत नाही. उलट जेथवर बंदूक पोहोचत नाही तेथवर गोळी झाडण्याचा मोह वाढतो. तिच्यासाठी चमकती माशी किंवा लाल ठिपका आणि दूरवर जाणारी चांगली विजेरी पुरेशी असते. रायफलीवर, संधिप्रकाशापुरते काम असेल तर पूर्ण बहुस्तरीय लेपाची, ४० ते ५० मिलिमीटर वस्तुभिंगाची दुर्बीण बहुतेकांना पुरते.

नेमसाधन आणि पाहण्याचे साधन वेगळे ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीतून परिसर न्याहाळणे म्हणजे ज्या ज्या गोष्टीकडे पाहिले त्या प्रत्येकीवर बंदूक रोखणे. हातात धरायची औष्णिक किंवा प्रतिमावर्धक दुर्बीण वेगळी असली तर शोध व ओळख बंदूक खाली ठेवूनच होते. खर्चाला मर्यादा असेल तर आधी हे दुसरे साधन घ्यावे.

दुर्बीण दुकानातल्या दिव्याखाली तपासून काही कळत नाही. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी, झाडाच्या सावलीतील एखाद्या वस्तूकडे पाहून ती तपासावी. चष्मा असणाऱ्यांनी तो लावूनच पाहावे. धक्का जास्त असलेल्या बंदुकीवर नेत्रभिंग व डोळा यांत आठ-दहा सेंटिमीटरचे अंतर राहिले पाहिजे, नाहीतर भुवईवर जखम होते. साधन बसवल्यावर नेम परवानाप्राप्त नेमबाजी क्षेत्रात जुळवून घ्यावा लागतो. औष्णिक साधनासाठी कागदी लक्ष्य उपयोगाचे नसते, कारण कागदाचे सर्व भाग सारख्याच तापमानाचे असतात. तेथे लक्ष्याच्या मध्यभागी गरम पाण्याची लहान पिशवी किंवा हात गरम करण्याची पुडी चिकटवतात. विद्युतघट थंडीत लवकर उतरतात आणि डिसेंबरच्या पहाटे कृष्णाकाठच्या धुक्यात भिंगावर दव साचते, म्हणून जादा घट व कोरडे सुती फडके जवळ ठेवतात.